पॅस्कागूलाची कुंपणबंद छावणी: सिग्नल इंटरनॅशनल प्रकरणाचा अभ्यास

व्हिसावर परदेशी गेलेल्या कामगारांशी होणाऱ्या भेदभावाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना एच-वन-बी आठवतो आणि हिंजवडीतून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेली मंडळी आठवतात. इथे मांडलेलं प्रकरण वेल्डरांचं आणि पाइप फिटरांचं आहे. आयटीआय करून किंवा कामावरच हात बसवून तयार झालेली, आधी आखाती देशांत राबलेली ही माणसं. २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हे घडलं आणि भरतीचा एक धागा थेट मुंबईतल्या एका कार्यालयाशी जुळलेला होता.

मी हे प्रकरण निवडलं ते त्यातल्या कायद्याच्या प्रश्नासाठी. एखाद्या कंपनीने मुद्दाम भारतीयच शोधले, समुद्रापलीकडून आणले, त्यांना काम दिलं, पगार दिला, तर तिने भारतीयांशी भेदभाव केला असं म्हणता येईल का? भेदभाव म्हणजे नोकरी नाकारणं, दार बंद करणं, अशी आपली समजूत असते. इथे तर दार मुद्दाम उघडून माणसं आत घेतली होती. या प्रश्नाचं उत्तर न्यायालयातून मिळायला जवळजवळ सात वर्षं लागली.

वादळानंतर

ऑगस्ट २००५ च्या अखेरीला कॅटरिना चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं ते जगाने पाहिलं, पण आखातातल्या तेलाच्या रिगही मोडल्या होत्या. त्या दुरुस्त करणारी एक कंपनी म्हणजे सिग्नल इंटरनॅशनल. तिची गोदीसारखी आवारं मिसिसिपीतल्या पॅस्कागूला इथे आणि टेक्ससमधल्या ऑरेंज इथे होती. कामाचा ढीग पडला होता आणि स्थानिक कुशल कामगार वादळाने पांगले होते. घरंच राहिली नाहीत तिथे कामगार कुठून मिळणार? कंपनीची ही अडचण खरी होती.

उपाय म्हणून कंपनीने एच-टू-बी व्हिसाचा मार्ग धरला. तात्पुरत्या, शेतीबाहेरच्या कामासाठी हा व्हिसा मिळतो. त्याची वार्षिक मर्यादा ६६,००० आहे. तो ज्या मालकाच्या नावावर निघतो त्याच्याकडेच काम करता येतं. नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारही जातो. व्हिसा साधारण दहा महिन्यांचा असायचा, वाढवून घेत घेत फार तर तीन वर्षं. अर्जदाराने वकिलातीत आपण परत जाणार आहोत असं दाखवायचं असतं. एच-वन-बीवाल्याला ग्रीन कार्डचा अर्ज चालू ठेवून काम करता येतं, एच-टू-बीत तशी मोकळीक नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ या शेवटच्या अटीत आहे.

ग्रीन कार्डची किंमत

भरतीच्या साखळीत तीन कड्या होत्या. मिसिसिपीतला एक मजूरपुरवठादार, न्यू ऑर्लिन्सचा इमिग्रेशन वकील मॅलव्हर्न बर्नेट आणि मुंबईतली दीवान कन्सल्टंट्स ही भरती कंपनी. भारतात आणि आखाती देशांत वर्तमानपत्रांतून जाहिराती आल्या. चांगली नोकरी, कुशल कामगाराचा पगार, ग्रीन कार्ड, बायकामुलांसह कायमचं अमेरिकेत. अबुधाबीत किंवा दुबईत दहा-पंधरा वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला यातला कोणता शब्द सर्वांत जास्त ओढत असेल, हे आपल्या रत्नागिरी-रायगडच्या घरांना समजावून सांगायला नको. आखातात पैसा मिळतो, पण तिथे बहुतेक कामगारांना कुटुंब नेता येत नाही आणि नागरिकत्व तर कधीच मिळत नाही. अमेरिका या दोन्ही गोष्टी देणार होती.

माणशी १०,००० ते २०,००० डॉलर, काहींनी त्याहूनही जास्त मोजले. तेव्हाच्या दराने साडेचार ते नऊ लाख रुपये. जमिनी विकल्या, दागिने मोडले, सावकाराकडून कर्ज काढलं. पैसे हप्त्याहप्त्याने घेतले गेले. पासपोर्ट भरतीदारांनी ताब्यात ठेवले आणि निघण्याच्या वेळी शेवटचा हप्ता भरल्याशिवाय ते हाती दिले नाहीत, असं कामगारांच्या तक्रारीत आहे. त्या क्षणी मागे फिरणं म्हणजे आधी भरलेले सगळे पैसे बुडवणं.

एच-टू-बीवर जाणाऱ्याला त्या व्हिसाच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळण्याची वाटच नव्हती. ज्या व्हिसासाठी मी परत येणार असं सांगावं लागतं, त्याच व्हिसाच्या बळावर कायमचा वास विकला जात होता. वकिलाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. पुढे ज्युरीचाही बसला नाही.

जवळजवळ ५०० भारतीय २००६ च्या अखेरीपासून पॅस्कागूला आणि ऑरेंजला पोहोचले.

एका खोलीत चोवीस

कंपनीने दोन्ही आवारांत छावण्या उभारल्या होत्या. त्यांना तिथे ‘मॅन कॅम्प’ म्हणत. भोवती कुंपण, दारावर पहारेकरी. बाहेरच्यांना आत येण्याची बंदी, आत जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सामानाची झडती. वस्ती, बाजार, प्रार्थनास्थळं मैलोगणती दूर. एका ट्रेलरसारख्या खोलीत २४ जण, बंकवर बंक, आणि त्यांच्यात दोन संडास. पाळ्यांमध्ये काम असल्याने कुणी झोपायला येत असे तेव्हाच कुणी उठून तयारी करत असे.

या निवासाचे आणि जेवणाचे पैसे पगारातून कापले जात. दिवसाला ३५ डॉलर, महिन्याला १,०५०. एका खोलीतल्या २४ जणांचे महिन्याचे २५,२०० डॉलर झाले. तेव्हाच्या रुपयांत अकरा लाखांहून अधिक, एका खोलीचे, एका महिन्याचे. पॅस्कागूलासारख्या गावात त्या पैशांत किती घरं भाड्याने मिळाली असती! दहा महिन्यांच्या व्हिसात हा खर्च माणशी १०,५०० डॉलर होतो, म्हणजे भरतीदाराने घेतलेल्या रकमेच्या खालच्या टोकाएवढा. माणूस आधी तिथे पोहोचण्यासाठी तेवढे देतो आणि मग तिथे राहण्यासाठी पुन्हा तेवढेच.

बाहेर घर शोधणाऱ्यालाही सुटका नव्हती. छावणीचे पैसे त्याच्याही पगारातून कापले जात. म्हणजे बाहेर जाण्याची मनाई न करताही बाहेर जाणं परवडणार नाही अशी व्यवस्था होती. याच आवारात काम करणारे बाकीचे, भारतीय नसलेले कामगार आपापल्या घरून कामावर येत आणि संध्याकाळी घरी जात. छावणीत राहण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती, कापून घेणंही नव्हतं.

तक्रारी झाल्या. जेवणाबद्दल, गर्दीबद्दल, आजारपणांबद्दल. तुम्ही भारतात झोपडपट्टीत राहता, त्याहून हे बरं आहे, असं व्यवस्थापनाच्या माणसाने सुनावल्याचं कामगारांनी सांगितलं. हे लोक घरं विकून आले होते. घर विकायला आधी घर असावं लागतं. पण समोरच्याच्या डोक्यातला भारत झोपडपट्टीचा होता आणि त्या भारतातून आलेल्याला किती जागा पुरते याचं गणित त्याने त्यावरून मांडलं होतं. ज्याला मूळ देशावरून भेदभाव म्हणतात त्याचा गाभा मला या एका बोलण्यात स्पष्ट दिसतो.

९ मार्च २००७

ग्रीन कार्ड मिळणार नाही हे हळूहळू कळत गेलं. कामगार एकमेकांशी बोलू लागले, सभा घेऊ लागले, काहींनी वकिलांशी आणि कामगार कार्यकर्त्यांशी संपर्क साधला. न्यू ऑर्लिन्समध्ये मूळचा दिल्लीचा साकेत सोनी हा तरुण स्थलांतरित मजुरांचं संघटन करत होता, त्याच्यापर्यंत ही गोष्ट गेली.

९ मार्च २००७ च्या पहाटे पॅस्कागूलाच्या छावणीत पहारेकरी शिरले आणि पुढारी समजले गेलेले काही जण बाजूला काढले. त्यांना कामावरून काढून सरळ विमानतळावर नेऊन भारतात पाठवायचा बेत होता. त्यांना एका खोलीत डांबून ठेवलं गेलं. एकाने हाताची शीर कापून घेतली. तो वाचला. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे काय हे त्या कृतीवरून कळावं. बाकीच्या कामगारांनी काम थांबवलं, छावणीबाहेर स्थानिक कार्यकर्ते जमले आणि परत पाठवण्याचा बेत त्या दिवशी फसला.

छावणीच्या व्यवस्थापकाने नंतर शपथेवर एक गोष्ट सांगितली. अशा कामगारांना पूर्वसूचना न देता कामावर जाताना रांगेतून बाहेर काढा, सामान घ्या, गाडीत बसवा आणि विमानतळावर सोडा, असा सल्ला आपल्याला इमिग्रेशनच्या सरकारी अधिकाऱ्याकडून मिळाला होता, असं त्याचं म्हणणं. सरकारी यंत्रणा कामगाराच्या बाजूची नाही ही समजूत कामगारांच्या मनात आधीच पक्की होती. ती निराधार नव्हती.

मार्च २००८ मध्ये सुमारे शंभर जण आपल्या हेल्मेटा टाकून आवारातून बाहेर पडले. मालक सोडला म्हणजे व्हिसा सोडला, हे माहीत असूनही. न्यू ऑर्लिन्सहून ते वॉशिंग्टनकडे निघाले, वाटेत कित्येक मैल पायी चालले. त्यांनी या प्रवासाला सत्याग्रह म्हटलं. मे आणि जून २००८ मध्ये राजधानीत उपोषण झालं, ते २९ दिवस चाललं. मला या टप्प्याचं महत्त्व फार वाटतं. पुढचा खटला कितीही मोठा झाला तरी त्याला हात घालण्याएवढं धैर्य आधी या माणसांनी उभं केलं. व्हिसावरचा कामगार तक्रार का करत नाही असा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच्या तक्रारीची किंमत आधी पाहावी.

कायद्याचा पेच

मार्च २००८ मध्येच सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने कामगारांच्या वतीने न्यू ऑर्लिन्सच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. आरोप बरेच होते: मानवी तस्करी आणि सक्तीचं काम, फसवणूक, संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा भंग, करारभंग आणि वंशावरून भेदभाव. पुढे एप्रिल २०११ मध्ये समान रोजगार संधी आयोग या सरकारी संस्थेने स्वतंत्र दावा लावला. त्यात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचा आधार होता. हे प्रकरण वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं. आयोगाचा दावा तीन गोष्टींवर उभा होता: भारतीयांसाठी वेगळ्या आणि वाईट अटी, अपमानकारक वातावरण, आणि आवाज उठवणाऱ्या दोघांवर सूड.

कंपनीकडे एक मजबूत दिसणारं उत्तर होतं. या लोकांना आम्ही छावणीत ठेवलं ते ते भारतीय आहेत म्हणून ठेवलं असं नाही, ते व्हिसावरचे तात्पुरते कामगार आहेत आणि वादळानंतर गावात घरं नव्हती म्हणून ठेवलं. या उत्तराला कायद्यात जागा आहे. १९७३ मध्ये एस्पिनोझा विरुद्ध फारा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सातव्या प्रकरणातला मूळ देश आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागरिक नाही म्हणून नोकरी नाकारणं हा आपोआप मूळ देशावरून भेदभाव ठरत नाही. तोच धागा धरून मालक म्हणू शकतो की व्हिसावाल्याला वेगळं वागवणं हाही तसा भेदभाव ठरत नाही.

पण त्याच निकालात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. नागरिकत्वाची अट ही मूळ देशावरून भेदभाव करण्याचं निमित्त किंवा साधन असेल, तर ती कायद्यात अडकते. सिग्नलच्या आवारात छावणीत असलेले सगळे भारतीय होते, छावणीबाहेरचे भारतीय नव्हते. घरांचा तुटवडा सर्वांना सारखा होता, पण सक्ती एकाच गटावर होती. ज्याने स्वतःचं घर शोधलं त्याच्याकडूनही पैसे कापले गेले, तेव्हा घरांच्या तुटवड्याचा युक्तिवाद तिथेच कोसळतो. घर मिळालेल्या माणसाकडून तुटवड्याचे पैसे कशाला? आणि झोपडपट्टीची बोलणी व्हिसाच्या प्रकाराबद्दल नसतात, माणसाच्या देशाबद्दल असतात.

खाजगी दाव्यात कामगारांनी आधार घेतला तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या कलम १९८१ चा. गुलामगिरी संपल्यानंतर लगेच झालेला हा कायदा. करार करण्याचा आणि त्यातल्या अटी उपभोगण्याचा हक्क वंशनिरपेक्ष असावा, असं तो सांगतो. फक्त मूळ देश या आधारावर तो चालत नाही, पण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या वंशाचा अर्थ पूर्वजपरंपरा आणि वांशिक ओळख इतका व्यापक केला. त्यामुळे भारतीय कामगारालाही तिथे उभं राहता येतं. व्यवहारात हा फरक फार मोठा आहे. सातव्या प्रकरणाखाली सर्वांत मोठ्या मालकाकडूनही माणशी भरपाई आणि दंडात्मक रक्कम मिळून ३,००,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे. कलम १९८१ ला अशी मर्यादा नाही, आणि दावा लावण्याआधी आयोगाकडे जावंही लागत नाही.

तस्करीविरोधी कायद्याचं बळ वेगळं आहे. २००० साली झालेल्या या कायद्यात सक्तीचं काम म्हणजे फक्त साखळदंड किंवा मारहाण नव्हे. कर्जाच्या ओझ्याखालच्या माणसाला परत पाठवण्याची धमकी देऊन कामावर ठेवणं हेही त्यात येऊ शकतं. कुंपण आणि पहारेकरी होतेच, पण माझ्या मते खरं कुंपण कर्जाचं होतं. छावणीचं दार उघडं असतं तरी बहुतेक जण बाहेर पडले नसते.

मध्येच एक मोठा धक्का बसला. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने सर्व कामगारांचा एकत्रित दावा, म्हणजे वर्गदावा, चालवायला नकार दिला. शेकडो माणसांचे शेकडो वेगवेगळे दावे, प्रत्येकाचा वकील, प्रत्येकाचा पुरावा! इतर कुठल्या प्रकरणाने इथेच मान टाकली असती. पण सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने मोठमोठ्या वकिली कंपन्यांना विनामोबदला कामाला लावलं आणि २०१३ मध्ये दोनशेहून अधिक कामगारांच्या वतीने दावे उभे राहिले.

निकाल आणि त्यानंतरचं दिवाळं

पहिल्या पाच कामगारांचा खटला जानेवारी २०१५ मध्ये न्यायमूर्ती सूझी मॉर्गन यांच्यासमोर सुरू झाला. कंपनीचा बचाव दोन दिशांनी होता. छावणी चांगली होती, आणि भरतीदारांनी कामगारांना काय आश्वासनं दिली याबद्दल आम्हीही फसलो. कंपनीने वकिलावर आणि भरतीदारांवर उलट दावेही लावले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्युरीने निकाल दिला. कंपनी, वकील बर्नेट आणि मुंबईचे भरतीदार यांना तस्करी, फसवणूक आणि भेदभावासाठी जबाबदार धरलं आणि पाच जणांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले.

बायकामुलांची आश्वासनं विकणाऱ्या मुंबईच्या कार्यालयालाही अमेरिकन ज्युरीने हिशेब विचारला, ही बाब आपल्याकडे म्हणावी तेवढी बोलली गेली नाही असं मला वाटतं. कंपनी आणि दलाल एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये कामगार अडकतो, हे चित्र आपल्याला आखातापासून ओळखीचं आहे. इथे दोघांचीही बोटं मोजली गेली.

या खटल्यासाठी कंपनीची कागदपत्रं तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला होता की बाजारभावापेक्षा कमी मजुरीत भारतीय कामगार आणल्याने कंपनीचे ८० लाख डॉलरहून अधिक वाचले. हा आकडा कामगारांच्या बाजूच्या तज्ज्ञाचा आहे हे ध्यानात ठेवावं, पण भेदभावामागे नफा कसा दडलेला असतो हे त्यातून दिसतं. भारतीय माणूस आवडत नाही म्हणून त्याला वाईट वागवलं, अशी ही कहाणी नव्हती. भारतीय माणूस हवाच होता, कारण तो दूरवरून येतो, कर्ज काढून येतो, दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि त्याला याहून वाईट राहण्याची सवय आहे असं मानता येतं. मूळ देश इथे किंमत कमी करण्याचं साधन झाला.

जुलै २०१५ मध्ये सिग्नलने दिवाळखोरीचा अर्ज केला. बाकीच्या दाव्यांपैकी बहुतेकांची २ कोटी डॉलरची तडजोड ठरली. डिसेंबर २०१५ मध्ये समान रोजगार संधी आयोगाच्या दाव्यात ५० लाख डॉलरची तडजोड झाली, ४७६ भारतीय कामगारांसाठी. सरासरी काढली तर माणशी १०,५०० डॉलरच्या आसपास पडतात. छावणीसाठी दहा महिन्यांत कापलेली रक्कम तेवढीच होती. कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली.

हा न्याय म्हणावा का? मी म्हणेन, अर्धा. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीकडून ज्युरीने मंजूर केलेली रक्कम पूर्ण वसूल होत नाही. दुसरीकडे, अनेक कामगारांना तस्करीच्या बळींसाठी असलेला टी व्हिसा मिळाला, त्यावर त्यांची बायकामुलं अमेरिकेत आली आणि पुढे ग्रीन कार्डाची वाटही खुली झाली. जे आश्वासन खोटं असूनही विकलं गेलं ते काहींच्या बाबतीत लढ्यामुळे खरं झालं, पण आठ-दहा वर्षांच्या विरहानंतर. मोठी होणारी मुलं त्या वर्षांत वडिलांना फोनवरच भेटली.

त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू

पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या वाचकाला हे प्रकरण दूरचं वाटेल म्हणून दुसरं एक प्रकरण शेजारी ठेवतो. २०१७ मध्ये कॉग्निझंट या आयटी कंपनीच्या काही माजी कर्मचाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. तक्रार उलट्या दिशेची होती: कंपनी भारतीय आणि दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांना, विशेषतः व्हिसावर आणलेल्यांना, पुढे करते आणि इतरांना मागे टाकते. प्रकल्प संपला की कर्मचारी बेंचवर येतो, आणि तिथून नवं काम मिळालं नाही तर नोकरी जाते. बेंचवरून बाहेर जाणाऱ्यांत भारतीय नसलेल्यांचं प्रमाण फार जास्त आहे, हा पुराव्याचा कणा होता. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्या ज्युरीने कंपनीने पद्धतशीर, हेतुपुरस्सर भेदभाव केल्याचा निष्कर्ष काढला. कंपनीने तो अमान्य करून अपिलाचा इरादा जाहीर केला. अशाच आरोपांवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसविरुद्ध ओकलंडमध्ये चाललेल्या खटल्यात मात्र २०१८ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला होता. म्हणजे व्हिसावरचे कामगार जास्त आहेत एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, पुरावा लागतो.

या दोन प्रकरणांत भारतीय माणूस विरुद्ध बाजूंना उभा दिसतो. पॅस्कागूलात त्याच्यावर अन्याय झाला, लॉस एंजेलिसच्या निकालानुसार त्याला झुकतं माप मिळालं. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ज्याचा राहण्याचा हक्क मालकाच्या सहीवर टिकतो, तो कर्मचारी मालकाला अधिक सोयीचा वाटतो. तो जागा सोडत नाही, वाढीव तास नाकारत नाही, पगारवाढीसाठी दुसऱ्या कंपनीत सहज जात नाही. सोय म्हणून मूळ देशाला पसंती मिळाली की ती पसंती इतरांच्या मुळावर येते आणि पसंत केलेल्यालाही अडकवून ठेवते. अमेरिकन सहकाऱ्याने तक्रार केली म्हणून चिडणाऱ्या आपल्या आयटीतल्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो. त्या तक्रारीतला राग त्यांच्यावर नसतो, त्यांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर असू शकतो. आणि तो राग कधी कधी खरोखरच भारतीयांच्या द्वेषात उतरतो हेही खरं आहे, त्याचाही कायदा तितक्याच कडकपणे सामना करतो.

जाणाऱ्यासाठी

सिग्नलच्या प्रकरणातून प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी निघतात, त्या इथे लिहितो.

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली असावी लागते आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. एजंटाने कामगाराकडून घ्यायचं सेवाशुल्क फार तर ३०,००० रुपये अधिक जीएसटी. लाखांत पैसे मागणारा माणूस नोंदणीकृत असला तरी कायदा मोडतोच आहे. उत्प्रवासन मंजुरी लागते त्या अठरा देशांच्या यादीत अमेरिका नाही, त्यामुळे आखातात जाताना जी सरकारी चाळणी असते ती अमेरिकेच्या वाटेवर नसते. दक्षता स्वतःच घ्यावी लागते.

एच-टू-बीवर जाणाऱ्याकडून भरतीचं शुल्क घेणं आता अमेरिकन नियमांनाही मान्य नाही. एच-टू-बीतून ग्रीन कार्ड असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबावं.

पावती मागावी. रोख दिली तर कुणाला, कधी, किती, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपावी, विशेषतः राहण्या-खाण्यासाठी काय कापलं ते दाखवणारी. सिग्नलच्या खटल्यात रोज ३५ डॉलर कोणाकडून कापले गेले आणि कोणाकडून नाही, हा फरक भाषणांपेक्षा जास्त बोलला.

अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायला १८० दिवस असतात, बहुतेक राज्यांत ३००. कलम १९८१ खाली बहुतेक तक्रारींना चार वर्षं, तस्करीच्या दिवाणी दाव्याला दहा. व्हिसाची मुदत संपली, नोकरी गेली किंवा माणूस भारतात परतला तरी हे हक्क आपोआप संपत नाहीत. सिग्नलच्या तडजोडीचे पैसे मिळण्यासाठी आयोगाला अमेरिकेत आणि भारतात विखुरलेली ४७६ माणसं शोधावी लागली. ज्यांनी आपला पत्ता वकिलांना किंवा सोबत्यांना कळवत ठेवला होता त्यांच्यापर्यंत पोहोचणं सोपं होतं.